मोकळी जागा आधी, विषय नंतर : मिनिमलिस्ट छायाचित्रणाचा सराव

मिनिमलिस्ट छायाचित्र म्हणजे चौकटीच्या एका कोपऱ्यात छोटीशी वस्तू आणि बाकी सगळे रिकामे, असा समज नवशिक्या छायाचित्रकारांत सर्रास आढळतो. या समजुतीने काढलेले चित्र बहुतेक वेळा अर्धवट भरलेल्या अर्जासारखे दिसते. त्यात जागा रिकामी असते, पण ती तशी का आहे याचे उत्तर चित्रात सापडत नाही. वस्तू उचलून दुसऱ्या कोपऱ्यात ठेवली असती तरी फारसे काही बिघडले नसते, असे वाटत राहते. माझ्या मते या चुकीचे मूळ कामाच्या क्रमात आहे. आपण आधी विषय शोधतो, त्यावर कॅमेरा रोखतो आणि मग भोवतालच्या पसाऱ्यातून त्याला कसे सोडवावे या विवंचनेत पडतो. या प्रकारच्या छायाचित्रणात हा क्रम उलटा करावा लागतो : आधी मोकळी जागा शोधायची, तिचा आकार, तिच्यावरचा उजेड आणि तिच्या कडा पक्क्या करायच्या, आणि त्यानंतर विषय तिथे येण्याची वाट पाहायची किंवा तो तिथे आणून ठेवायचा.

जागेला आकार असतो

छायाचित्रकार जिला निगेटिव्ह स्पेस म्हणतात ती म्हणजे विषय सोडून चौकटीत जे उरते ते सगळे. चित्रकलेच्या परिभाषेत तिला ऋण अवकाश म्हणतात. ही जागा सहजासहजी दिसत नाही. डॅनिश मानसशास्त्रज्ञ एडगर रुबिन यांनी १९१५ साली मांडलेली फुलदाणीची आकृती अनेकांनी पाहिलेली असते : मधल्या भागाकडे लक्ष दिले तर फुलदाणी दिसते, दोन्ही बाजूंच्या भागांकडे दिले तर समोरासमोर आलेले दोन चेहरे दिसतात, आणि दोन्ही गोष्टी एकाच क्षणी दिसत नाहीत. मेंदू दृश्याचा एक भाग आकृती म्हणून उचलतो, दुसरा पार्श्वभूमी म्हणून मागे सारतो, आणि मागे सारलेल्या भागालाही आकार आहे हे विसरून जातो. कॅमेऱ्याला ही निवड करता येत नाही. तो दोन्ही भाग सारख्याच इमानाने टिपतो. चित्र काढताना नजरेतून सुटलेली खांबाची कड किंवा पानांचा झुबका घरी आल्यावर मोठ्या पडद्यावर ठळकपणे समोर येतो तो यामुळेच.

डोळ्याची ही खोड घालवण्यासाठी एक साधा सराव आहे. आपल्याच जुन्या छायाचित्रांपैकी दहा निवडावीत, ती कृष्णधवल करावीत आणि उलटी फिरवून पाहावीत. उलट्या चित्रातली वस्तू पटकन ओळखू येत नाही, त्यामुळे नजर नाइलाजाने आकारांकडे वळते. मग कागदावर पेन्सिलीने विषयाची नव्हे, तर रिकाम्या भागाची बाह्यरेषा काढावी. ती रेषा सलग आणि ठाशीव आली, तर जागा जमली आहे असे समजावे; ती दहा ठिकाणी तुटली, कुठे फांदीने तर कुठे तारेने कुरतडली गेली, तर ते चित्र साधे दिसत असूनही गजबजलेले आहे.

रिकाम्या जागेला अर्थ कुठून मिळतो, हे समजून घेण्यासाठी सोळाव्या शतकाच्या अखेरीस हासेगावा तोहाकू या जपानी चित्रकाराने शाईने रंगवलेल्या पाइन वृक्षांच्या पडद्यांचा विचार करावा. हे पडदे टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांतला बराचसा भाग कोराच सोडलेला कागद आहे, आणि तरीही पाहणाऱ्याला तिथे दाट धुके दिसते. धुके रंगवलेले नाही. जवळची झाडे गडद आणि मागची फिकट होत होत विरून जातात, एवढ्यावरूनच कोरा कागद धुके होऊन बसतो. छायाचित्रकारासाठी यातली कामाची गोष्ट अशी, की मोकळी जागा काय आहे हे तिच्या शेजारचा विषय आणि त्याची कड ठरवते. पांढऱ्या पट्ट्याखाली होडी आली की तो पट्टा पाणी होतो आणि त्याच पट्ट्यात पक्षी आला की तो आभाळ होतो. विषय निवडताना तो सुंदर आहे का, यापेक्षा तो शेजारच्या रिकामेपणाला काय ठरवतो, हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

पार्श्वभूमी कशी मिळवावी

ढगांनी एकसारखे झाकलेले आभाळ, धुके, बर्फ, वाळू, शांत पाणी आणि रंगवलेली भिंत ही या कामाची नेहमीची साधने होत. पण ती समोर आयती मिळतीलच असे नाही. बहुतेक वेळा ती शरीर हलवून मिळवावी लागतात. गुडघ्यावर बसले की गवताच्या पात्यामागे आभाळ येते. जिना चढून खाली पाहिले की चालणाऱ्या माणसामागे फरसबंदीचा एकसुरी पट येतो. दोन पावले डावीकडे सरकल्याने विषयाच्या डोक्यातून उगवलेला दिव्याचा खांब बाजूला होतो. जागचे न हलता झूम फिरवत राहणे ही या प्रकारातली सर्वांत महागात पडणारी सवय आहे, कारण झूम केल्याने चौकट लहान होते, विषय आणि पार्श्वभूमी यांचे एकमेकांशी असलेले नाते बदलत नाही. ते बदलते उभे राहण्याच्या जागेने.

असे असले तरी लेन्सचा उपयोग आहेच. फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर, म्हणजे ज्याचा सेन्सर जुन्या ३५ मिलिमीटर फिल्मच्या चौकटीएवढा असतो त्यावर, २४ मिलिमीटरची लेन्स तिरकस कर्णात मोजले तर सुमारे ८४ अंशांचे दृश्य सामावून घेते आणि २०० मिलिमीटरची लेन्स सुमारे १२ अंशांचे. विषयामागे १२ अंशांएवढा स्वच्छ तुकडा शोधणे हे ८४ अंशांच्या मानाने कितीतरी सोपे काम आहे. फोनचा मुख्य कॅमेरा बहुधा २४ ते २६ मिलिमीटरच्या आसपासचे दृश्य देतो. म्हणून फोनवर काम करणाऱ्याने टेलिफोटो कॅमेरा असल्यास तो वापरावा, नसल्यास मोठ्या, सलग पार्श्वभूमीच्या शोधात अधिक वेळ घालवावा. ॲपर्चर, म्हणजे लेन्समधले प्रकाश आत घेणारे छिद्र, मोठे उघडून मागचा पसारा धूसर करणे हा मार्ग अनेकांना जवळचा वाटतो. मला तो अपुरा वाटतो : धूसर झालेला पसारा हा पसाराच असतो, त्यातले रंगीत ठिपके आणि उजळ डाग नजर ओढतच राहतात.

एक खुर्ची, एक भिंत

सराव घरात, एका खुर्चीपासून सुरू करावा असे मी सुचवेन, कारण घरात हवामानाला दोष देता येत नाही. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवावी आणि नेहमीच्या उंचीवरून पहिले चित्र काढावे. त्यात काय काय आले आहे ते मोजावे : खुर्ची, तिची भिंतीवर पडलेली दुहेरी सावली, भिंत आणि जमीन जिथे मिळतात ती रेषा, उजवीकडे विजेचे बटण, खाली फरशीच्या सांध्यांची जाळी. साध्या वाटणाऱ्या दृश्यात पाच गोष्टी निघाल्या. आता छतावरचा दिवा बंद करून फक्त खिडकीचा उजेड ठेवावा; दुहेरी सावलीपैकी एक नाहीशी होते आणि भिंतीवर एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे हलका उतार तयार होतो. खुर्ची भिंतीपासून हातभर पुढे ओढावी. सावली भिंतीवरून बरीचशी उतरून जमिनीवर येते. त्यानंतर कॅमेरा खुर्चीच्या बैठकीच्या उंचीला आणावा, म्हणजे फरशीची जाळी दबून एक पट्टा होते. तोही नको असेल तर चौकट वर उचलावी आणि खुर्चीच्या पाठीचा फक्त वरचा भाग तळाशी ठेवावा. बटण अजून दिसत असेल तर अर्धे पाऊल डावीकडे जाऊन ते खुर्चीच्या पाठीमागे लपवावे.

या क्रमाने वीस-पंचवीस चित्रे काढली, की शेवटच्या काहींमध्ये खुर्चीच्या पाठीची एक वळणदार कड, भिंतीचा उतरता उजेड आणि फारतर सावलीचे टोक एवढेच उरते. इथे थांबून पुढचा प्रश्न विचारावा : यातले आणखी काही काढून टाकले तर चित्र कोसळते का? सावलीचे टोक काढल्यावर खुर्ची ओळखू येत नसेल, तर ते टोक आवश्यक होते. आवश्यक गोष्ट कोणती हे ती गमावल्यावरच कळते, म्हणून एक पायरी पलीकडे जाऊन मग परत यावे. पहिल्या आणि शेवटच्या चित्रातली खुर्ची तीच असते हे मुद्दाम लक्षात घ्यावे, म्हणजे नवे विषय शोधत हिंडण्याची घाई आपोआप कमी होते.

विषय कुठे आणि केवढा

चौकटीचे तीन भाग करून रेषांच्या छेदावर विषय ठेवण्याचा नियम सगळ्यांना पाठ असतो. गजबजलेल्या दृश्यात तो उपयोगी पडतो. रिकाम्या दृश्यात त्याची सक्ती नसावी. हिरोशी सुगिमोतो यांनी १९८० पासून काढलेल्या समुद्रचित्रांत क्षितिज बरोबर मध्यावर आहे, वर हवा आणि खाली पाणी, आणि त्या समान विभागणीमुळेच नजर दोन पृष्ठभागांमधला सूक्ष्म फरक शोधत राहते. जागा ठरवताना विषयाला दिशा आहे का ते पाहावे. पाहणारा चेहरा, उडणारा पक्षी किंवा चालणारा माणूस यांच्यासमोर मोकळी जागा ठेवली तर ती जागा त्यांची वाट होते. त्यांच्या पाठीशी ठेवली तर ते चौकटीबाहेर निसटत असल्याचा भास होतो, आणि कधी तोच परिणाम हवा असतो. दिशा नसलेला विषय, उदाहरणार्थ एकटा दगड, मध्यावर शांतपणे बसू शकतो.

आकाराबाबत नियम सांगणे अवघड आहे, पण एक चाचणी आहे. चित्र पडद्यावर टपाल तिकिटाएवढे लहान करून पाहावे. विषय काय आहे हे तेव्हाही कळत असेल तर तो पुरेसा मोठा किंवा पुरेसा गडद आहे. इथे ठळकपणा आकारापेक्षा फरकातून येतो : पांढऱ्यावर काळा ठिपका चौकटीचा शंभरावा भाग असूनही तग धरतो, तर करड्यावर किंचित गडद करडा असलेला मोठा आकारही विरून जातो. रंगाचेही तसेच. सलग निळ्या भिंतीपुढे एक पिवळी छत्री पुरते. दुसरा एखादा रंग आला की त्यांचे आपसांत संभाषण सुरू होते आणि भिंत विसरली जाते.

शटर दाबण्याआधी चौकटीच्या चारही कडांवरून नजर फिरवण्याची सवय लावावी, घड्याळाच्या दिशेने, दर वेळी. याला तीन सेकंद लागतात. भरलेल्या चित्रात कोपऱ्यातला एखादा अर्धवट तुकडा खपून जातो, पण रिकाम्या चित्रात तोच दुसरा विषय होऊन बसतो.

उजेड मोजताना

कॅमेऱ्याचा प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करडे आहे असे धरून चालतो; हे प्रमाण सुमारे १८ टक्के परावर्तनाचे मानले जाते. ज्या चित्राचा बहुतांश भाग पांढरा आहे तिथे हा हिशेब चुकतो, आणि बर्फ किंवा धुके मळकट करडे येते. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) +१ ते +२ च्या दरम्यान न्यावे आणि हिस्टोग्रामचा, म्हणजे चित्रातल्या गडद-उजळ छटांच्या आलेखाचा, डोंगर उजव्या कडेला टेकण्याआधी थांबावे, कारण कडेला आपटलेल्या पांढऱ्यात नंतर कोणताही तपशील परत आणता येत नाही. काळोख्या पार्श्वभूमीपुढे याच्या उलट, ऋण बाजूला जावे. फोनवर विषयावर बोट ठेवल्यावर येणारे सूर्याचे चिन्ह वर-खाली सरकवून हेच साधता येते. धुक्यात ऑटोफोकस पुढे-मागे भटकतो, कारण त्याला पकडायला फरकाची कड लागते. फोकसचा बिंदू विषयाच्या सर्वांत गडद कडेवर ठेवावा किंवा सरळ मॅन्युअल फोकस वापरावा.

भर दुपारचा कडक उजेड टाळावा असे सांगितले जाते, पण मिनिमलिस्ट चित्राला तो मानवतो, कारण सावलीची काळी, धारदार भूमिती त्यातच मिळते. हाँगकाँगमध्ये काम केलेले छायाचित्रकार फॅन हो यांच्या १९५४ सालच्या एका प्रसिद्ध चित्रात उंच पांढऱ्या भिंतीपाशी एक तरुणी उभी आहे आणि एक तिरपी सावली भिंत दुभागत तिच्या पायांपर्यंत आली आहे. ती सावली भिंतीवर नव्हतीच. फॅन हो यांनी ती नंतर डार्करूममध्ये चित्रात आणली. संपादन म्हणजे लबाडी असे मानणाऱ्यांनी या उदाहरणाचा जरूर विचार करावा. सावली असो वा मोकळी भिंत, ती चित्राचा घटक म्हणून रचता येते.

हलते पाणी सलग करायचे असेल तर दीर्घ एक्स्पोजर लागते. एनडी फिल्टर म्हणजे लेन्सपुढे लावायची गडद काच; तिचा प्रत्येक स्टॉप प्रकाश निम्मा करतो, म्हणून १० स्टॉपचा फिल्टर तो सुमारे हजारपट कमी करतो. म्हणजे फिल्टरविना १/१२५ सेकंद येणारा वेग फिल्टर लावल्यावर साधारण ८ सेकंद होतो. लाटांच्या शेकडो लहान रेषा त्या ८ सेकंदांत एकमेकींत मिसळून एकच फिकट पृष्ठभाग होतात, आणि त्यातून वर आलेला खांब किंवा खडक एकटा उरतो. मायकेल केना हे ब्रिटिश छायाचित्रकार रात्री काही वेळा तासन् तास शटर उघडे ठेवून काम करतात, आणि जपानच्या होक्काइदो बेटावरची त्यांची बर्फातल्या झाडांची चौरस, कृष्णधवल चित्रे या प्रकाराचा वस्तुपाठ म्हणून पाहण्यासारखी आहेत. ट्रायपॉड अनिवार्य आहे हे वेगळे सांगायला नको. वारा असेल तर कॅमेऱ्याचा पट्टा काढून ठेवावा, तो फडफडून कॅमेरा हलवतो.

रिकामी जागा काही लपवत नाही

एका धुकट पहाटे पाण्यातल्या एका खुंटावर बसलेल्या बगळ्याची मी चाळीसेक चित्रे काढली. मागे-पुढे काहीच नव्हते, बगळाही पुतळ्यासारखा बसला होता, आणि इतके आयते दृश्य पुन्हा मिळणार नाही या आनंदात मी ॲपर्चर एफ/१६ वर ठेवले, ज्याची मुळीच गरज नव्हती. घरी आल्यावर प्रत्येक चित्रात वरच्या डाव्या भागात, एकाच जागी, एक करडा डाग दिसला. तो सेन्सरवरचा धुळीचा कण होता. ॲपर्चर एफ/११ किंवा एफ/१६ एवढे लहान केले की अशा कणाची सावली टोकदार होते, एफ/५.६ वर ती इतकी पसरते, की सहसा दिसतही नाही. झाडाझुडपांच्या चित्रात तो कण मला वर्षभर दिसला नसता. शिवाय खालच्या कोपऱ्यात लव्हाळ्याचे एक टोक डोकावत होते, कारण त्या दिवशी कडांवरून नजर फिरवायची राहिली होती. डाग पुसता आला. लव्हाळे काढण्यासाठी चौकट कापावी लागली, आणि त्याबरोबर बगळ्याखालचे ते पाणीही गेले, ज्यामुळे तो पाण्यात आहे हे कळत होते.

म्हणून बाहेर पडण्याआधी कोऱ्या आभाळाचे किंवा भिंतीचे एक चित्र एफ/१६ वर काढून सेन्सर तपासावा, आणि काम करताना एफ/५.६ ते एफ/८ पुरे मानावे. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला दाद देण्याची पातळी, शक्य तितका कमी ठेवावा. सलग पृष्ठभागावर दाणे चटकन दिसतात. चित्र रॉ स्वरूपात, म्हणजे सेन्सरने टिपलेली माहिती प्रक्रिया न करता साठवणाऱ्या फाइलमध्ये, घ्यावे, कारण जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ छटा असतात, तर १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४ असतात. आभाळाचा सौम्य उतार संपादनात ताणला की जेपेगमध्ये पायऱ्यांसारखे पट्टे उमटतात. फोन आपल्या मनाने आभाळाला धार आणि कॉन्ट्रास्ट चढवतो, तेही रॉ घेतल्यास बऱ्याच अंशी टळते.

संपादनात सर्वांत आधी क्रॉप, म्हणजे चौकट कुठे कापायची ते, ठरवावा, मग रंग. क्रॉप करताना ३:२ चे प्रमाण पवित्र मानू नये. क्षितिजाला लांबट चौकट मानवते, तर एकट्या झाडाला अनेकदा चौरस. विरोधाभास असा, की क्रॉप बहुतेक वेळा मोकळी जागा खातो, म्हणून काढतानाच वाटते त्याहून थोडी अधिक जागा घेऊन ठेवावी. संपादनातला क्लॅरिटीचा, म्हणजे बारीक फरक ठळक करणारा, स्लायडर या चित्रांपासून दूर ठेवावा. तो धुक्यातही ढगांच्या रेषा शोधून काढतो आणि ज्या शांततेसाठी पहाटे उठलो तीच घालवून बसतो.

शेवटची अडचण चित्र दाखवताना येते. पांढऱ्या पार्श्वभूमीचे चित्र पांढऱ्या पानावर टाकले की त्याच्या कडा नाहीशा होतात आणि विषय चौकटीत नेमका कुठे आहे हेच कळेनासे होते. आपण मोजूनमापून ठेवलेला बगळा नुसता पानावर तरंगू लागतो. एक पिक्सेल जाडीची फिकट करडी किनार एवढे दुखणे दूर करते. छापील प्रतीला भोवती कागदाचा रुंद समास ठेवावा, पण तो कागद चित्रातल्या पांढऱ्यापेक्षा किंचित उजळ असावा, म्हणजे चित्र कुठे संपते ते डोळ्याला न सांगता कळते.